चाकांवरचं घर आणि वीतभर नळी

जुन्या गाड्यांचं खूळ असलेल्या पब्लिकचे दोन प्रकार. एकांना क्रोम चमकवायला आवडतं, दुसऱ्यांना गाडीखाली आडवं व्हायला. अमेरिकेत सत्तरच्या दशकातली मोटरहोम विकत घेतलीत, की आवडो न आवडो, तुमची भरती दुसऱ्या प्रकारात. आणि बहुतेक वेळा कारण एकच, पेट्रोलच्या नळ्या.

या जमातीतली सगळ्यात स्टायलिश गाडी म्हणजे जीएमसी मोटरहोम. 1973 ते 1978 अशी सहाच मॉडेल वर्षं ती निघाली. 26 फुटांपर्यंत लांबी, ओल्ड्समोबिल टोरोनॅडोचं साडेसात लिटरचं व्ही-8 इंजिन, फ्रंट व्हील ड्राइव्ह. बेड, किचन, बाथरूम सगळं आत. ‘स्ट्राइप्स’ (1981) या सिनेमात लष्कराची चिलखती गाडी म्हणून मिरवली ती हीच. अॅव्हरेज मात्र विचारू नका, लिटरला चार किलोमीटर मिळाले तर पार्टी! म्हणूनच दोन टाक्यांत मिळून जवळपास 190 लिटर पेट्रोल बसतं.

एवढं पेट्रोल मागच्या टाक्यांतून पुढच्या इंजिनापर्यंत जातं ते धातूच्या पाइपांमधून, आणि जोडांवर रबरी नळ्या. गोची तिथेच आहे. त्या काळच्या रबराला इथेनॉलची सवय नव्हती. आज अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर 10 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला आतून फुगवतं, मऊ करतं. बाहेरून इंजिनाची आणि सायलेन्सरच्या पाइपाची धग असतेच. नळी वरून ठीकठाक दिसते, वाकवून बघितली की बारीक भेगा.

आता जरा टेक्निकल, पण इंटरेस्टिंग आहे. मूळ फ्युएल पंप इंजिनावर बसलेला असतो आणि तो पेट्रोल मागून ओढतो. त्यामुळे मागच्या नळीला चीर पडली तरी चालू गाडीत पेट्रोल फारसं सांडत नाही, उलट हवा आत जाते. गाडी चढावर गचके देते. उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, ते वेगळंच. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप टाक ना यार!’ सल्ला चांगला आहे, गचके बंद होतात. पण आता पेट्रोल मागून ढकललं जातं, म्हणजे अख्ख्या लाइनवर दाब. त्याच जुन्या चिरेतून आता कारंजं. म्हणून आधी नळ्या, मग पंप. आणि इंजिन बंद पडल्यावर पंपाची वीज आपोआप तोडणारा स्विच हवाच.

साध्या कारपेक्षा इथे धोका मोठा का? कारण हे घर आहे, बॉस! फ्रिज गॅसवरही चालतो, म्हणजे त्याच्या पोटात ज्योत पेटलेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. आणि मागच्या बेडवर कुणीतरी गाढ झोपलेलं असतं.

त्यामुळे काम सुरू करताना पहिला हात पान्याला नाही, गॅसच्या सिलिंडरला. तो बंद, बॅटरी सुटी, टाक्या रिकाम्या, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि काम उघड्यावर. टाकीच्या वरच्या बाजूच्या हवेच्या नळ्यांकडे बरेच जण डोळेझाक करतात, कारण त्यासाठी टाकी खाली उतरवावी लागते. माझं मत स्पष्ट आहे, उतरवा! बाकी सगळं नवं आणि तेवढं 50 वर्षांपूर्वीचं, याला काय अर्थ आहे?

नवी नळी घेताना तिच्या अंगावरचं वाचा. ‘30आर7’ ही कार्बोरेटरच्या कमी दाबासाठीची. ‘30आर9’ला आतून फ्लोरो-रबराचा थर असतो, इथेनॉलला ती दाद देत नाही, दाबही जास्त सोसते. महाग आहे, तरी तीच घ्या. क्लिपही गोल, गुळगुळीत पट्टीची. खाचांची क्लिप आवळली की रबर कापते.

‘हे सगळं अमेरिकेचं, आम्हाला काय?’ असं म्हणणाऱ्यांनी पार्किंगमधल्या बाबांच्या चेतककडे किंवा मारुती 800कडे एक नजर टाकावी. 2025 पर्यंत आपल्याकडच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल आलं, त्यांच्या दुप्पट. तुमची नळी वीतभरच आहे, गल्लीतला मेकॅनिक चहा थंड व्हायच्या आत बदलेल. फक्त इथेनॉल चालणारीच नळी माग, एवढं त्याला बजावा.

तिकडे मोटरहोमवाल्याचा मात्र अख्खा वीकेंड जातो. सगळं जोडून झालं की टाकीत थोडंच पेट्रोल, इंजिन सुरू, आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवायचा. इंजिन चांगलं तापल्यावर पुन्हा एकदा. टिश्यू कोरडा निघाला, वास नाही, की टाक्या फुल्ल. फ्रिजची ज्योत पेटवायची ती पेट्रोल पंपापासून लांब आल्यावरच.