करार झाला, पण कारकून कोठें आहे?

राष्ट्राराष्ट्रांत व्यापाराचा करार झाला म्हणजे मालास नवी पेठ मिळालीच, अशी आपल्या शेतकरी बंधूंची समजूत असते. आम्ही महसूल खात्यांत उभी हयात लेखणी चालविली असल्यामुळें ही समजूत आम्हांस भाबडी वाटते. एका दुष्काळी सालीं शेतसारा तहकुबीचा हुकूम वरून वेळेवर आला. परंतु खातेदारांच्या याद्या करण्यास आमच्या कचेरींत माणसें नव्हतीं. याद्या पुऱ्या होईतों कित्येकांनीं कर्ज काढून सारा भरला होता. हुकुमांत खोट नव्हती. तो बजावणारा हात तोकडा होता.

दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापार कराराची कथा याहून निराळी नाहीं. ‘साफ्टा’ या नांवाचा हा करार इस्लामाबाद येथें जानेवारी २००४ मध्यें झाला व १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. तरीही या राष्ट्रांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकंदर व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला आहे. भारत-पाकिस्तानचें वैर हें याचें एक कारण खरें. २०१९ सालीं तर त्या दोहोंमधील व्यापार जवळजवळ बंदच पडला. प्रत्येक राष्ट्रानें राखीव यादींत घातलेल्या जिनसा हें दुसरें. परंतु जेथें वैर नाहीं आणि जिन्नस यादींतही नाहीं, तेथें माल कां अडतो?

याचें उत्तर सीमेवरच्या नाक्यावर मिळतें. शेतांत पिकलेला माल त्याच देशाचा, हें लहान मूलही सांगेल. तरी जकातीची सवलत मिळण्यास नेमलेल्या अधिकाऱ्याचा उत्पत्तीचा दाखला लागतो. कीडरोग नसल्याचा दाखला वेगळा. एका देशाच्या प्रयोगशाळेचा निकाल दुसऱ्यानें मानला नाहीं तर तपासणी पुन्हां! बंगालच्या सीमेवर पेट्रापोल-बेनापोल येथें मालमोटारी दिवसचे दिवस खोळंबल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. तेथील एकत्रित नाका २०१६ सालीं उघडला. म्हणजे करार लागू होऊन दहा वर्षें लोटल्यावर. आधीं कळस मग पाया, तो हा प्रकार. लोखंड दहा दिवस थांबूं शकतें; फळ व भाजी थांबत नाहीं.

करारकर्त्यांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. मागासलेल्या राष्ट्रांस मालाचें प्रमाणीकरण, जकातीचें कामकाज व नोकरवर्गाचें शिक्षण यांत साहाय्य द्यावें, असें करारांतच नमूद आहे. पण नमूद करणें निराळें आणि पगारपत्रकावर माणूस चढविणें निराळें.

दोष केवळ शेजाऱ्यांचा नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें आपल्या सरकारनें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली, तेव्हां बांगलादेशच्या सीमेवर आपल्याच कांद्याच्या गाड्या अडकल्या. डिसेंबर २०२३ मध्यें पुन्हां बंदी आली. पिकाचा अंदाज आधीं बांधून गिऱ्हाइकास पूर्वसूचना देणारें दप्तर असतें, तर आपल्या मालाची पत अशी जाती ना.

नोकर वाढविल्यानें खर्च वाढेल, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु सीमेवर कुजलेल्या मालाचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकांत दिसत नाहीं. तो शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, नव्या करारावर सही करण्यापूर्वीं तो कोणतें खातें, किती माणसें व कोणत्या प्रयोगशाळा चालविणार, याची यादी सरकारनें प्रसिद्ध करावी. दाखले जिल्ह्याच्या ठिकाणीं मिळावेत. आणि विचारविनिमयांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असावेत. आपल्या सोसायट्यांनींही एक तरी सभासद या कागदपत्रांत तयार करावा. पुढील सभेंत वाचकांनीं हा विषय अवश्य मांडावा, अशी आमची विनंति आहे.