किंचाळणारे बोकड आणि ऐकू न आलेला विनोद

क्रिस हेम्सवर्थने, म्हणजे आपल्या थॉरने, २०२३ मध्ये एका मुलाखतीत मजेशीर गोष्ट सांगितली होती. 'थॉर: लव्ह अँड थंडर' बघून त्याच्या मुलाच्या मित्रांनी त्याला तोंडावर परीक्षण ऐकवलं. वय वर्षं आठच्या आसपास! या वेळी विनोद जरा जास्तच झाला, मारामारी मस्त होती, पण व्हीएफएक्स काही तितके भारी नव्हते, असं त्यांचं मत. हेम्सवर्थनेही मान्य केलं की सिनेमा फारच पोरकट झाला होता.

चाहत्यांमध्ये या सिनेमावरून जे भांडण सुरू आहे, ते त्या पोरांनी एका दमात मांडलं म्हणायचं. ७ जुलै २०२२ ला सिनेमा भारतात आला, अमेरिकेच्या एक दिवस आधी. आज इतकी वर्षं झाली, तरी मार्व्हलप्रेमी मित्रमंडळीत त्याचं नाव काढून बघा. एक जण म्हणणार, "हसवून हसवून थॉरचा जोकर केला!" दुसरा म्हणणार, "मग काय, त्याने प्रवचन द्यायचं का?"

थोडी पार्श्वभूमी सांगते. थॉरचे पहिले दोन सिनेमे (२०११ आणि २०१३) बऱ्यापैकी गंभीर होते. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या टायका वायटीटीने 'रॅग्नारॉक' केला आणि थॉरला चक्क विनोदी नायक करून टाकलं. लोक खूश! त्यामुळे चौथा भागही त्याच्याकडेच आला. दिग्दर्शक तोच, मसाला तोच, मग चव कुठे बिघडली?

विनोद मोजून हे भांडण मिटणार नाही, असं मला वाटतं. 'रॅग्नारॉक'मध्ये विनोद काय कमी होते? तिथे तर अख्खं अ‍ॅस्गार्ड डोळ्यांसमोर फुटत असताना दगडी कॉर्ग 'पाया शाबूत आहे तोवर पुन्हा उभारू' अशा अर्थाचं काहीतरी बोलतो, आणि पुढच्याच क्षणी पायाही उडतो. तेव्हाही काही चाहते नाराज झाले होते. पण सिनेमा एकूण धमाल होता, म्हणून ते खपून गेलं.

'लव्ह अँड थंडर'ची गोष्टच वेगळी आहे. सिनेमा सुरू होतो तो वाळवंटात, तहानेने प्राण सोडणाऱ्या मुलीला कुशीत घेतलेल्या बापापासून. हा गॉर. ज्या देवाची त्याने आयुष्यभर भक्ती केली, तो देव त्यालाच हसतो, आणि गॉर सगळे देव संपवायला निघतो. क्रिश्चियन बेलने हे काम असं केलंय की अंगावर काटा येतो. दुसरीकडे जेन फॉस्टर, म्हणजे नताली पोर्टमन. तिला चौथ्या टप्प्यातला कॅन्सर आहे. हातोडा हाती आला की ती थॉर होते, दंड पिळदार, केस सोनेरी. पण प्रत्येक वेळी हातोडा तिच्या शरीरातली उरलीसुरली ताकद ओढून घेतो. एका कथेत मेलेलं मूल, दुसरीत मरणाच्या दारातली प्रेयसी. आणि या दोघांच्या मधोमध किंचाळणारे दोन बोकड!

बोकड उगाच आलेले नाहीत हं. नॉर्स पुराणकथांमध्ये थॉरचा रथ खरोखरच दोन बोकड ओढतात. किंचाळणं मात्र इंटरनेटवरून आलंय. टेलर स्विफ्टच्या गाण्यात बोकडाची किंकाळी घातलेला व्हिडिओ फार पूर्वी गाजला होता, तिथून. पहिल्या किंकाळीला मी खो खो हसले. दुसरीलाही. त्यानंतर कितव्यांदा हसू थांबलं, ते आठवत नाही.

कॅन्सरच्या गोष्टीत विनोद नकोच, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. माझ्या मावशीची केमो चालू होती तेव्हा तिने विगचं नाव 'श्रीदेवी' ठेवलं होतं. "श्रीदेवीला जरा ऊन दाखव गं," असं ती बिछान्यावरून फर्मान सोडायची आणि आम्ही सगळे हसायचो. एकदा भेटायला आलेल्या एका पाहुण्यांनी तोच विनोद केला, तर घरात कोणी हसलं नाही. शब्द तेच होते, पण ज्या तोंडून आले ते तोंड वेगळं होतं.

जेनचे विनोद मला मावशीच्या विनोदांसारखे वाटतात. केमो घेता घेता ती शेजारच्या रुग्णाला विज्ञान समजावत बसते. सुपरहिरो झाल्यावर आपलंही एखादं झकास पालुपद हवं म्हणून एकेक वाक्य वापरून बघते, आणि एकही धड जमत नाही. हसू येतं आणि पोटात तुटतंही, कारण त्या हसण्यामागे तिने काय दडवलंय ते आपल्याला ठाऊक असतं. थॉरच्या बऱ्याच विनोदांमागे असं काही दडलेलंच नाही. तो प्रसंग गंभीर होऊ नये म्हणून बोलत राहतो, त्या पाहुण्यांसारखा. मराठीत याला नेमका शब्द आहे, रसभंग.

थॉरच्या वाट्याचा एक विनोद मात्र मला मनापासून आवडतो, आणि त्यात तो बोलतसुद्धा नाही. जुन्या हातोड्याकडे तो प्रेमाने बघतो, तेव्हा त्याची कुऱ्हाड सवतीसारखी हळूच बाजूने सरकत पुढे येते. बस्स! (झ्यूसच्या दरबारात थॉरचे कपडे उडतात, ते दृश्य आलं आणि शेजारी आजी बसल्या असतील, तर चहा टाकायला उठायची ती योग्य वेळ आहे.)

आता दृश्यांकडे वळू. गॉरने पळवलेली मुलं पिंजऱ्यात आहेत आणि हाइमडालचा मुलगा अ‍ॅक्सल थॉरशी संपर्क साधतो. पोराचं नुसतं मुंडकं हवेत तरंगताना दिसतं, तेही कात्रीने कापून चिकटवल्यासारखं. त्या दृश्याची इतकी टर उडवली गेली की विचारू नका. पुढे सिनेमा ओटीटीवर आला तेव्हा ते दृश्य सुधारल्याचंही चाहत्यांनी शोधून काढलं.

पण खापर फोडायचं कोणावर? ११९ मिनिटांचा सिनेमा, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे साधारण १ लाख ७१ हजार चौकटी. त्यातल्या कितीतरींवर कोणीतरी रात्र रात्र जागून काम केलेलं असतं. हॉलिवूडचं असं बरंच काम आपल्याकडे मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबादमध्येही होतं. तुमच्या ओळखीतही रोटो करणारं एखादं पोर असेल, माणसांच्या कडा चौकटीमागून चौकट कापत बसणारं. सिनेमाच्या प्रचारात वायटीटीने आपल्याच सिनेमातल्या व्हीएफएक्सची चेष्टा केली, तेव्हा या मंडळींना ते लागलं. कारण त्याच सुमारास मार्व्हलच्या कामातल्या घाईबद्दल कलाकार उघडपणे बोलू लागले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने कौल दिला.

आणि याच सिनेमात छायालोकाचं ते दृश्य आहे! एका इवल्याशा ग्रहावर पाऊल ठेवताच सगळे रंग नाहीसे होतात. पडदा काळापांढरा होतो आणि विजेच्या लखलखाटात तेवढा क्षणभर रंग चमकतो. सिनेमाला नावं ठेवणारेही इथे गप्प बसतात. गंमत म्हणजे रंग जातात तसे विनोदही जवळजवळ थांबतात. गॉर बोलतो आणि आपण श्वास रोखून ऐकतो. 'विनोद जास्त' आणि 'दृश्यं कच्ची' या दोन तक्रारी मला एकाच दुखण्याच्या वाटतात, त्या इथे आल्यावर. दिग्दर्शकाने दुःखावर भरवसा ठेवला, तिथे चित्रही सुंदर झालं.

बरं, वायटीटीला हे जमत नाही असंही नाही. 'जोजो रॅबिट'मध्ये हिटलरची टिंगल करता करता तो अचानक एका मुलाला त्याच्या आईचे बूट दाखवतो, हवेत लटकणारे. तिथे एकही विनोद नाही. त्या पटकथेला ऑस्कर मिळालं.

ज्यांनी 'लव्ह अँड थंडर' अजून पाहिला नाही, त्यांनी इथे थांबावं, कारण आता शेवट सांगणार आहे.

जेन थॉरच्या मिठीत शेवटचे श्वास घेत असते. म्हणते, माझं पालुपद सापडलं, जवळ ये. त्याच्या कानात काहीतरी कुजबुजते. आपल्याला ऐकू येत नाही. तो भरल्या डोळ्यांनी हसतो आणि फर्मास आहे म्हणून सांगतो. थिएटरमध्ये माझ्या पुढच्या रांगेतल्या चिमुरडीने आईला विचारलं, "काय म्हणाली गं ती?" आईने नुसतं तिला जवळ ओढलं.

बोकडही तेवढा वेळ गप्प होते.