लेथची हत्यारे : मूठ हाताकडे, धार आडोशाला

यशवंतपूरमधल्या एखाद्या बैठ्या घराची मागची बाजू डोळ्यांसमोर आणा. धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, तुळस आणि भिंतीला टेकवून उतरवलेले पत्र्याचे छप्पर. त्या छपराखाली निवृत्त झालेल्या गृहस्थांनी लाकडाचा छोटा लेथ बसवला आहे. सकाळी दहा ते बारा तो फिरतो. लाटणी होतात, भोवरे होतात, नातवासाठी बुद्धिबळाची प्यादी होतात. त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती बारानंतर. “अहो, ती पटाशी पुन्हा धुण्याच्या दगडावर! पोरगा आत्ता शाळेतून येईल,” अशी हाक येते आणि आजोबा म्हणतात, “ठेवतो गं, उद्या लागणारच आहे.” ती उद्याही तिथेच सापडते.

या भागाला लेथ नवा नाही. १९४६ साली किर्लोस्कर इलेक्ट्रिक बंगळूरला सुरू झाली. १९५३ साली यशवंतपूरच्या पलीकडे जालहळ्ळीला एच. एम. टी. उभी राहिली आणि तिने सुरुवातीला जी यंत्रे बनवली ती लेथच होती. अशा कारखान्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर लेथची ओढ वाटावी यात नवल नाही. पण कारखान्यात हत्यारांची खोली वेगळी असते, हत्यार देण्याघेण्याची नोंद असते आणि मुख्य म्हणजे तिथे सहा वर्षांचे मूल हिंडत नसते. घरी यातले काहीच नसते.

लाकडाच्या लेथची हत्यारे सुताराच्या पटाशीहून बरीच लांब असतात. मुठीसकट हातभर किंवा त्याहून अधिक. पन्हाळीसारखी पोकळ असते तिला दुकानात गाऊज म्हणतात. तिरक्या धारेची स्क्यू, अरुंद पात्याची पार्टिंग आणि जाड, बोथट दिसणारा स्क्रेपर ही तिची भावंडे. स्क्रेपर बोथट नुसता दिसतो, बोट फिरवून पाहू नये. या लांबीमुळेच ती नेहमीच्या खणात मावत नाहीत. मग एका डब्यात धार वर करून उभी केली जातात किंवा खोक्यात एकावर एक टाकली जातात. डब्यात हात कापतो. खोक्यात पोलादावर पोलाद घासून धार जाते आणि मग बोथट हत्यार जोर लावून दाबले जाते. घरच्या लेथवरचे कितीतरी अपघात या दाबण्यातून होतात.

बंगळूरपासून साधारण साठ किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तिथे काळ्या कुड्याच्या लाकडाची खेळणी कातली जातात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने ती घासून चकाकी आणायची. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतली लाखकामाची खेळणी पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. अशा कारागिराचे काम नीट पाहावे. त्याची हत्यारे मोजकी असतात आणि हाताशीच असतात. हौशी माणसाचे मात्र उलटे. त्याच्याकडे हत्यारे भरपूर, पण हवे ते ऐन वेळी हाताला लागत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न फळी कुठे ठोकायची हा. बहुतेक जण लेथच्या मागच्या भिंतीवर ठोकतात. दिसायला ती छान दिसते, पण जागा चुकीची आहे. तिथले हत्यार घ्यायचे म्हणजे फिरत्या लाकडावरून हात न्यायचा. लाकूड मिनिटाला १४४० फेरे घेत असेल आणि त्याचा व्यास पंचवीस सेंटिमीटर असेल, तर त्याची कड ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने धावत असते. सैल बाही, पदर, ओढणी, गळ्यातली साखळी यांना ती दयामाया दाखवत नाही. फळी लेथच्या उजव्या टोकाच्या पलीकडे असावी, किंवा काम करणाऱ्याच्या पाठीमागे, वळून घेता येईल अशी. उजव्या टोकाला आधाराची टोकदार सुई असते. काम नसेल तेव्हा तिच्यावर लाकडाचा तुकडा किंवा रबरी बूच बसवावे, नाहीतर हत्यार घेताना कोपर सोलवटते.

आता फळी. चांगली जाड फळी भिंतीपासून वीतभर पुढे, आडवी, किंचित मागे झुकलेली बसवावी. तिच्या पुढच्या कडेला खाचा पाडायच्या. पाते जिथे मुठीत शिरते तिथली जाडी मोजून खाच तेवढीच ठेवावी, म्हणजे मुठीची पितळी शेंबी फळीवर टेकते आणि पाते खाली अधांतरी लोंबते. धार कशालाच लागत नाही. दोन खाचांमध्ये सात-आठ सेंटिमीटर अंतर हवे, नाहीतर मूठ धरताना शेजारचे हत्यार हलते. आणि प्रत्येक खाचेखाली प्लंबरकडे उरलेला पी. व्ही. सी. पाइपाचा तुकडा उभा बसवावा, पात्यापेक्षा चार बोटे लांब. धार त्याच्या आत राहते. खालून नातवाने डोके वर केले तरी त्याला फक्त पाइप दिसतो. पाइपाचे खालचे तोंड बंद करू नये. भुसा आणि ओल तिथूनच निघून जाते. हे एका रविवारचे काम आहे.

धार आत गेली तर कोणते हत्यार कुठले हे कसे कळणार? इथे लेथवाल्याची खरी मजा आहे, कारण मूठ तो स्वतः कातू शकतो. स्क्यूला शिसवाची, गाऊजला सागाची, पार्टिंगला बाभळीची. सगळ्या एकाच लाकडाच्या असतील तर मुठीवर वळ्या पाडाव्यात : एकीला एक, दुसरीला दोन. फिरत्या मुठीवर तार दाबून धरली की जळून काळी रेघ उठते. तारेची दोन्ही टोके लाकडी दांडक्यांना बांधावीत, बोटांना गुंडाळू मात्र नये.

गंजाचेही पाहायला हवे. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवरच्या बंगळूरला कोकणासारखी दमट हवा नाही, पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस येत-जात असतो आणि पत्र्याखाली तो जाणवतो. ओल्या लाकडावर काम झाले की पाते लगेच पुसून यंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा. हौसेने शिवलेल्या चामडी म्यानात किंवा स्पंजात हत्यार महिनोन्‌महिने ठेवू नये, दोन्ही ओल धरतात.

धार लावायचे सहाणेचे यंत्र लेथजवळ असावे, म्हणजे धार लावायचा आळस होत नाही. पण त्याच्या ठिणग्या ढलप्यांच्या ढिगात पडता कामा नयेत, आधी झाडू मारावा. याहून फसवा धोका तेलाच्या फडक्यांचा. जवसाचे तेल लावून झालेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले, तर ते वाळताना स्वतःच तापते आणि कधी कधी आपोआप पेटते. जवळपास विस्तव असावाच लागतो असे नाही. ते फडके उघड्यावर, पसरून वाळवावे किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावे. घरातल्या बाईने हे फडके सवयीने धुण्याच्या ढिगात टाकू नये, एवढे तिला आधी सांगून ठेवलेले बरे.

राहता राहिली चकची चावी. लाकूड आवळून झाल्यावर ती चकमध्येच राहिली आणि बटन दाबले, तर ती गोळीसारखी सुटते. तिचा खिळा विजेच्या बटनाच्या अगदी शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर ठोकावा आणि त्या खिळ्यामागे भिंतीवर चावीच्या आकाराचा तांबडा रंग द्यावा. तांबडे दिसले की चावी जागेवर नाही. संध्याकाळी लेथचा प्लग काढून ठेवताना त्या खिळ्याकडे एकदा पाहिले की आजोबांनी आत जेवायला जायला हरकत नाही.