कोथिंबिरीसाठी मिनीव्हॅन

दोन वर्षांपूर्वी बाबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आमच्याकडे आले. वय बाहत्तर, पाय ठणठणीत. डोंबिवलीत रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन निघायचं, वाण्याकडे दोन मिनिटं, भाजीवालीशी चार मिनिटं हुज्जत, वाटेत भेटेल त्याची चौकशी, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कोथिंबीर कुठे मिळते रे?" मी म्हटलं, "शनिवारी गाडीने जाऊ, बाबा." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

दुकान आमच्या घरापासून जेमतेम पाऊण मैलावर आहे. पण आमच्या सबडिव्हिजनच्या तोंडाशी सायडवॉक संपतो. पुढे चौपदरी रस्ता, ताशी ४५ मैलांची मर्यादा, कडेला गवत आणि चर. एका दुपारी बाबा कोणाला न सांगता निघाले आणि पोलिसांच्या गाडीतून परत आले. ऑफिसर भला माणूस होता. "तुमचे वडील वाट चुकलेले दिसतात," म्हणाला. बाबा चुकले नव्हते. त्यांना समोर दुकानाची पाटी दिसत होती, रस्ता ओलांडायला जागा नव्हती. त्यानंतर ते एकटे घराबाहेर पडले नाहीत. सहाऐवजी चार महिन्यांतच परत गेले.

मंडळी, "अमेरिका अशीच आहे" हे यावर आपलं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. अमेरिका अशी आपोआप झालेली नाही, नियम करून केलेली आहे. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने घरांच्या वस्तीतून दुकानं वेगळी काढणाऱ्या झोनिंगला मान्यता दिली आणि ते देशभर पसरलं. त्यावर पार्किंगची सक्ती. उपनगरांत सहसा दुकानाच्या दर हजार चौरस फुटांमागे चार-पाच गाड्यांची जागा मागतात. एका गाडीला, वळायच्या जागेसकट, साधारण तीनशे चौरस फूट लागतात. आपण सगळे आकडेमोडीवर पोट भरणारी माणसं, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा. दुकानापेक्षा पार्किंग मोठं होतं. असं दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर बसणार कसं?

आणि हे नियम टिकवतं कोण? इथे मला स्वतःबद्दलच बोलावं लागेल. बाबा येण्याच्या आधी तीन वर्षं आमच्या कोपऱ्यावर दूध, ब्रेड, भाजीचं छोटं दुकान आणि वर दोन फ्लॅट असा प्रस्ताव आला होता. सुनावणीला टाउनशिपचा हॉल भरला. निम्मे चेहरे गणेशोत्सवात भेटणारे. ट्रॅफिक वाढेल, घरांच्या किमती पडतील, "कोण कोण येऊन उभं राहील" वगैरे. बोलणाऱ्यांत दादर, ठाणे, सदाशिव पेठ, म्हणजे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा घरांत वाढलेली माणसं. मीही दोन मिनिटं बोललो, टाळ्याही मिळाल्या. प्रस्ताव बारगळला. आम्ही विजयाचा पिझ्झा मागवला.

हा मी कोण? बफलोला एमएस करताना आम्हा चौघांत एकही गाडी नव्हती. मेन स्ट्रीटजवळ राहायचो, बर्फात चालत जाऊन दुधाचा गॅलन आणायचो, बोटं बधिर व्हायची, पण कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. त्याच बफलोने २०१७ साली पार्किंगची सक्ती शहरभर काढून टाकली. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या ट्रान्झिट थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत ती बहुतेक ठिकाणी उठवली. म्हणजे बदलता येतं.

"हल्ली सगळं घरपोच येतं," असं कोणी म्हणेल. येतं की. बाबांसाठी कोथिंबीर पण यायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दारात. त्यांना कोथिंबीर आणायला जायचं होतं. आमची चौदा वर्षांची लेक वहीसुद्धा स्वतः आणू शकत नाही. न्यू जर्सीत सतरा पूर्ण होईपर्यंत एकटीने गाडी चालवता येत नाही, तोपर्यंत आई-बाबा ड्रायव्हर. नव्याने एच-४ वर आलेल्या, लायसन्स नसलेल्या सुनेचं तेच. आणि आपली नजर अधू झाल्यावर आपलंही तेच.

गंमत म्हणजे शनिवारी आपणच ओक ट्री रोडवर जातो, अर्धा तास पार्किंग शोधतो, मग या दुकानातून त्या दुकानात पायी हिंडतो, चार ओळखीचे भेटतात, आणि "काय मजा आली" म्हणत घरी येतो. तीच मजा स्वतःच्या कोपऱ्यावर मात्र नको!

आमच्या चौपदरी रस्त्याच्या कडेने सायडवॉक करायचा विषय या वर्षी टाउनशिपपुढे येणार आहे. आमच्या लॉनची पट्टी जाईल आणि तिथला बर्फ मलाच उपसावा लागेल. शेजारच्या देशपांड्यांनी विरोधाच्या अर्जावर सही मागितली, मी दिली नाही. त्या सुनावणीलाही दोन मिनिटं बोलणार आहे. टाळ्या मिळणार नाहीत, पण हॉलमध्ये आपल्यातले आणखी पाच-सहा जण या बाजूला बसलेले दिसले तर बरं वाटेल. बाबा पुढच्या मेमध्ये पुन्हा येतो म्हणालेत, पण तिकीट अजून काढलेलं नाही.