तिसरा वाचक

'प्रायव्हसी' या शब्दाला आपल्या वृत्तपत्रांनी 'गोपनीयता' हा प्रतिशब्द रूढ केला आणि भाषेचे अध्यापन करणाऱ्या आपण सर्वांनी तो मुकाट्याने स्वीकारला. ही किरकोळ बाब नव्हे. मंत्री शपथ घेतात ती पदाची आणि गोपनीयतेची. सरकारी फायलीवर शिक्का असतो तो 'गोपनीय' असाच. 'गोपनीय अहवाल' म्हणजे काय, हे तर प्राध्यापकांना सांगायलाच नको. मराठीत गोपनीयता ही अशी सत्तेच्या दालनातील वस्तू आहे आणि तिच्यात काहीतरी दडवण्याचा भाव अटळ आहे. हाच शब्द नागरिकाच्या हक्काला चिकटवला, की पुढचा प्रश्न ओघाने येतो : 'काही गैर केले नसेल, तर लपवायचे कशाला?' निम्मा वाद शब्दाच्या निवडीतच हरलेला असतो.

'गुप्' धातूचा मूळ अर्थ रक्षण करणे असा आहे, असा आक्षेप कोणी संस्कृतज्ञ घेतील. तो मान्य; परंतु शब्द व्युत्पत्तीवर जगत नाहीत, वापरावर जगतात. आपल्याकडे 'खासगी' हा चांगला रुळलेला शब्द आहे. होळकरशाहीत 'खासगी' आणि 'दौलत' यांचे व्यवहार वेगळे ठेवले जात. राज्याचे ते राज्याचे आणि घरचे ते घरचे, ही सीमारेषा आखण्यासाठी आपल्याला विलायतेस जावे लागले नव्हते. ती सोय राजघराण्यापुरती होती, हे खरे. लोकशाहीने ती प्रत्येकाला दिली पाहिजे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा विषय वकिलांवर सोपवता येणार नाही, कारण पत्रवाङ्मय हा त्याच्या अभ्यासाचा भाग आहे. सुनीताबाई देशपांडे यांची 'प्रिय जी. ए.' मधील पत्रे घ्या, किंवा खुद्द जी.एं.ची पत्रे घ्या. आज ती आपण सारे वाचतो. पण लिहिली गेली ती एका वाचकासाठी. त्यांतला मोकळेपणा, चिडचिड, हळवेपणा हे सारे त्या एका वाचकावरील विश्वासातून आले आहे. पाकीट फोडणारा तिसरा वाचक मध्ये उभा आहे, अशी नुसती शंका असती, तरी त्या पत्रांचा सूर पालटला असता. पाळत माणसाला गप्प करते, हा तिचा परिणाम स्थूल झाला. त्याहून सूक्ष्म परिणाम असा, की माणूस बोलत राहतो. पण तिसऱ्याला चालेल असे बोलतो.

हा तिसरा वाचक आपल्या कायद्यात जुनाच आहे. 1885 च्या तार अधिनियमाने आणि 1898 च्या टपाल अधिनियमाने परकीय सरकारने स्वतःला तो अधिकार दिला. 1986 मध्ये टपाल कायद्यातील हा अधिकार रुंदावणारे दुरुस्ती विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्या विधेयकावर सहीच केली नाही आणि ते कायदा होऊ शकले नाही. डिसेंबर 2023 मध्ये नवा टपाल कायदा संमत झाला. त्याच्या नवव्या कलमान्वये केंद्र सरकारने नेमलेला अधिकारी राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी, इतकेच नव्हे तर कोणत्याही कायद्याचा भंग होत असल्याच्या कारणावरूनही, टपालातील वस्तू अडवू व उघडू शकतो. त्याच महिन्यात नवा दूरसंचार कायदाही आला. गदारोळ कुठे होता? विरोधी बाकांवरील शंभराहून अधिक खासदार त्या अधिवेशनात निलंबित झाले होते, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर आपल्याला स्वतःकडे मागावे लागेल.

दहशतवाद्याचे संभाषण ऐकू नये, असे कोणताही शहाणा माणूस म्हणत नाही. प्रश्न परवानगी कोण देतो, हा आहे. आपल्याकडे ती गृहसचिव देतो, आणि तिची फेरतपासणी करणारी समितीही सचिवांचीच असते. न्यायाधीशाचा त्यात कोठेही संबंध नाही. ज्याने प्रश्नपत्रिका काढली, त्यानेच ती सोडवावी, त्याच्याच सहकाऱ्याने तपासावी आणि निकाल मात्र कधीच लावू नये, अशी ही परीक्षा आहे. ज्याच्यावर पाळत ठेवली, त्याला ती संपल्यानंतरही कळवण्याचे बंधन नाही. मग दाद मागायची कशाची? 'पेगॅसस' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 29 दूरध्वनी तपासले. पाचांमध्ये घातक प्रणाली आढळली, पण ती पेगॅससच आहे असे ठामपणे सांगता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट 2022 मध्ये भर न्यायालयात सांगितले. ज्यांच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही त्यांनी भिऊ नये, हे वचन येथे कोणाला ऐकवायचे?

खासगीपण हे पाश्चात्त्य, उच्चभ्रूंचे खूळ आहे आणि चाळीत वाढलेल्या मराठी माणसाला त्याचे काय, असेही म्हटले जाते. डॉ. आंबेडकरांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात व्यक्ती, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. ते उच्चभ्रूंसाठी मागितले होते काय? तो हक्क घटनेच्या मजकुरात स्वतंत्रपणे आला नाही. 1962 च्या खडकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे रात्री-अपरात्री दार ठोठावणे रद्द ठरवले. मात्र खासगीपणाचा हक्क मान्य केला नाही. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो एकमुखाने मान्य करायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. पाळत प्रथम पोचते ती शिधापत्रिकेच्या रांगेत अंगठा टेकवणाऱ्यापर्यंत. श्रीमंताला भिंती असतात; गरिबाला कायदाच काय तो आडोसा.

आणि त्या निकालाचे फळ काय? 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेस या कायद्यातून सूट देण्याची मुभा दिली. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलमात बदल करून वैयक्तिक माहिती नाकारणे अधिकाऱ्यांना अधिक सोपे केले. नागरिकासाठी मिळालेला हक्क असा फिरून पुन्हा दालनात गेला. 'गोपनीयता' हा प्रतिशब्द किती अचूक होता, हे असे विपरीत रीतीने सिद्ध झाले!

कायदा बदलणे आपल्या हाती नाही; शब्द आहे. निबंधाच्या विषयांत, प्रश्नपत्रिकांत, प्रबंधांत 'गोपनीयतेचा अधिकार' लिहिणे आपण थांबवावे आणि 'खासगीपणाचा हक्क' लिहावे. टपाल कायद्याचे नववे कलम पत्रवाङ्मयाच्या तासाला वर्गात वाचून दाखवावे. तेही पत्रांविषयीचेच लेखन आहे. ते वाचल्यावर विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : तिसरा वाचक गृहीत धरून लिहिलेल्या पत्राला पत्र म्हणावे, की जबाब?