कॅमेरा आधी गावात फिरवा, मग पैसे मोजा

आमचा पुतण्या रत्नागिरीत लग्नाचे फोटो काढतो. नवा डिजिटल कॅमेरा घेतला की मोठी कामे मिळतील, या आशेने तो आईच्या बांगड्या मोडायला निघाला होता. आम्ही त्याला एवढेच सांगितले, "बाबा, आधी एक दिवस तो भाड्याने आण. जुनाही बरोबर घे आणि दोन्ही आपल्याच गावात फिरवून पाहू."

सकाळी थिबा राजवाड्यापासून सुरुवात केली. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी १९१० साली बांधलेली ही वास्तू कॅमेऱ्याची चांगली कसोटी घेते. लालसर भिंतींवर कडक ऊन आणि छपराखाली गडद सावली! सावलीतील नक्षी नव्याने थोडी अधिक दाखवली. रत्नदुर्गावरून काढलेल्या दीपगृहाच्या आणि समुद्राच्या फोटोंत मात्र फरक सापडेना. मिरकरवाडा बंदरात दोघांनीही पांढरी होडी करडी दाखवली. कारण यंत्र प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचेच धरून चालते. तेथे उजेड आपणच वाढवावा लागतो. ही अक्कल विकत मिळत नाही.

खरा फरक कळला तो दिवस मावळल्यावर, मांडवीच्या जेटीवर. जुन्या कॅमेऱ्यात चालत्या माणसांचे चेहरे पुसट आले. लग्नाचे हॉलही असेच अंधुक असतात. पण दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे असल्याने नव्याची मोठ्या छिद्राची लेन्स जुन्याला लावून पाहिली, तर चेहरे जवळपास तितकेच स्पष्ट आले. छिद्राचा आकडा ४ वरून २ वर आला की चौपट प्रकाश आत येतो. म्हणजे अडचण कॅमेऱ्याची नव्हती, लेन्सची होती.

दुकानात मात्र मेगापिक्सेलचाच गजर चालतो. वास्तविक १२ बाय ८ इंचांच्या फोटोला दर इंचास ३०० ठिपके धरले, तरी ३६०० गुणिले २४०० म्हणजे सुमारे ८६ लाख ठिपके लागतात. साडेआठ-नऊ मेगापिक्सेलमध्ये ते काम भागते. त्यापेक्षा आपल्या कोकणात दमट हवेने लेन्सला बुरशी धरते, ती टाळण्यासाठी पावसाळ्यात हवाबंद डबा आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवणे अधिक मोलाचे.

व्यापारी व कारागीर बंधूंनो, हा हिशेब केवळ कॅमेऱ्याचा नाही. शिलाईचे मशीन असो की सुताराचे यंत्र, त्याची परीक्षा दुकानाच्या काउंटरवर होत नसते. ती आपल्या कामात, आपल्या जागी आणि आपल्या जुन्या हत्याराशेजारी ठेवूनच करावी. नवे हत्यार घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. कोणते काम अडले आहे, हे कळल्यावाचून घेऊ नये.

पुतण्याने हंगामाच्या कमाईतून एक जुनी लेन्स घेतली. बांगड्या भावजयीच्या हातातच आहेत.