कागद नेमका कोठे अडतो?

मध्य प्रदेशाच्या मंडला जिल्ह्यात, बर्गी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, चुटका नावाचे एक लहानसे गोंडवस्तीचे गाव आहे. आमच्या बोरगावाहून निघाले तर छिंदवाडा आणि शिवनी मागे टाकून तेथवर जावे लागते. या गावी प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभारण्यास केंद्र सरकारने २००९ साली तत्त्वतः मान्यता दिली. २०१७ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा स्वदेशी अणुभट्ट्यांना एकत्रित मंजुरी दिली, तीत चुटक्याच्या या दोन्ही होत्या. आणि तरीही २०२५ साल संपेपर्यंत तेथे भट्टीच्या पायाचे काँक्रीट पडलेले नव्हते.

असे काही वाचले, की सुशिक्षित मंडळींचा एक ठरलेला उद्गार कानी येतो. ‘परवान्यांच्या जंजाळात देश अडकला आहे हो!’ आमच्या पंचक्रोशीत तर हा उद्गार विशेष कळकळीने निघतो. संत्र्याच्या बागेला पाणी द्यायचे, आणि पंपाची वीज यायची ती अपरात्री. अशा माणसाला चौदाशे मेगावॉट कागदात पडून आहेत हे ऐकून चीड आली, तर त्यात नवल नाही. परंतु वाचकहो, चीड येण्यापूर्वी कागद नेमका कोणाच्या टेबलावर थांबला आहे, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अणुवीज केंद्राला एकच एक परवाना मिळत नाही. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ पायरीपायरीने संमती देते. आधी जागेला, मग बांधकामाला, मग भट्टी हळूहळू चालू करून पाहण्याला, मग नियमित चालविण्याला, आणि शेवटी आयुष्य संपलेली भट्टी मोडीत काढण्याला. प्रत्येक पायरीवर प्रश्न विचारले जातात. चुटक्याच्या जागेविषयी पहिला प्रश्न कोणता असावा, हे सांगायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर परिसर भूकंपाने हादरला होता, घरे पडली होती, माणसे मेली होती. नर्मदेचे खोरे हे भूगर्भातील जुन्या भेगांचे खोरे आहे. अशा ठिकाणी जागा तपासण्यास चार वर्षे अधिक लागली, तर त्या विलंबाविषयी आमची काडीची तक्रार नाही.

या सावधपणाची किंमत आपल्या देशाने पाहिलेली आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटली, आग लागली, आणि संपूर्ण केंद्राची वीज सुमारे सतरा तास गेली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही हे आपले सुदैव, आणि अंधारात राबलेल्या कामगारांचे कर्तृत्व. पुढच्याच वर्षी, १३ मे १९९४ रोजी, कर्नाटकातील कैगा येथे बांधकाम चालू असताना अणुभट्टीवरील घुमटाच्या आतल्या बाजूचे काँक्रीट निखळून कोसळले. भट्टीत इंधन भरलेले नव्हते. त्यानंतर आराखडा पुन्हा तपासला गेला, घुमट नव्याने रचले गेले, आणि ते केंद्र २००० साली नियमित वीज देऊ लागले. ही सहा वर्षे वाया गेली असे ज्याला म्हणावयाचे असेल त्याने म्हणावे. आम्ही म्हणणार नाही.

आणि परवान्यालाच सारा वेळ लागतो, हा समजही आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील व्होगल केंद्राच्या दोन नव्या भट्ट्यांसाठी मार्च २००८ मध्ये अर्ज झाला, परवाना फेब्रुवारी २०१२ मध्ये मिळाला. म्हणजे चार वर्षे. त्यांपैकी पहिली भट्टी नियमित चालू झाली जुलै २०२३ मध्ये. उरलेली अकरा वर्षे कारखान्यात, कंत्राटदारांच्या भांडणांत आणि पैशाच्या तजविजीत गेली. आपल्या महाराष्ट्रातील जैतापूरचे पाहा. सहा प्रचंड फ्रेंच भट्ट्यांच्या त्या प्रकल्पाला पर्यावरणाची मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये पस्तीस अटींसह मिळाली. त्यानंतर गाडे रुतले ते विजेचा दर काय पडेल आणि अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावी, या वादात. नियामकाच्या माथी मारलेला विलंब बहुधा दुसऱ्याच दाराशी बसलेला असतो.

नियामक मंडळाची बाजू घेताना त्याची एक उणीव मात्र झाकता येणार नाही. हे मंडळ १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली सरकारी आदेशाने जन्मले, आणि ज्या घराची कामे तपासायची त्याच घराच्या वडिलधाऱ्यांना उत्तरदायी राहिले. आम्ही शाळेत वर्षभर जे शिकवितो, त्याची बोर्डाची उत्तरपत्रिका आम्हीच तपासावी असे कोणी म्हटले, तर पालक मान्य करतील काय? २०१२ साली महालेखापरीक्षकांनी हेच परखडपणे सांगितले. मंडळाला स्वायत्त करणारे २०११ चे विधेयक २०१४ साली लोकसभेबरोबरच विसर्जित झाले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा केला. त्याने खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान दिले. २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट अणुवीज हे सरकारचे उद्दिष्ट आहे. २०२५ साली ती नऊ हजारांच्या आत होती. एवढी मोठी उडी घ्यायची, तर ‘लवकर संमती द्या’ हा धोशा वाढणार, हे उघड आहे. तेव्हा तपासनिसाचा कणा किती ताठ आहे, ते दिसेलच.

परंतु चुटक्याचे दुःख याहून वेगळे आहे. हे लोक एकदा बर्गीच्या पाण्याने उठविलेले. तेथील जनसुनावणी २०१३ साली दोनदा जाहीर झाली, दोनदा पुढे ढकलली गेली, आणि १७ फेब्रुवारी २०१४ रोजी मानेगाव येथे मोठ्या पोलीस बंदोबस्तात उरकण्यात आली. प्रकल्पाच्या परिणामांचा मोठा अहवाल इंग्रजीत. स्थानिक भाषेत कायदा मागतो तो केवळ सारांश. घरी मराठी आणि तहसिलात हिंदी असा संसार आम्ही १९५६ पासून करीत आलो आहोत, त्यामुळे परक्या भाषेतल्या सरकारी कागदापुढे माणूस कसा मुका होतो हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको. गोंडी बोलणाऱ्या म्हातारीला ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द कोणी आणि कसा समजावून दिला असेल?

पांढुर्ण्याकडचा शेतकरी संत्र्याचे कलम लावतो, तेव्हा चार-पाच वर्षे फळाकडे डोळे लावून बसायची त्याची तयारी असते. कारण जमीन आपलीच राहणार ही खात्री असते. जे गाव उठणार असे २००९ पासून म्हटले जात आहे, तेथे असे झाड कोण लावील? विहीर कोण खोदील, कुडाचे घर पक्के कोण करील? अशा घरी मुलगी देताना सोयरे काय विचारत असतील? तंत्रज्ञ खडक तपासत असतील तर तपासू द्या, पण कोणता प्रश्न अजून सुटायचा आहे आणि तो कोणाकडे आहे, एवढे तरी दर वर्षी गावाच्या चावडीवर, गावाच्या भाषेत सांगायला कोणता परवाना लागतो? पैशाची जुळवाजुळव, दोन खात्यांतील पत्रव्यवहार, बदललेले अग्रक्रम, हा सारा विलंब तपासणीच्या नावावर खपतो आणि त्याचा हिशेब कोणीच देत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात एक कलम आहे. घेतलेली जमीन पाच वर्षे न वापरता पडून राहिली, तर ती मूळ मालकाला वा सरकारी भूमिपेढीला परत जावी. मात्र ही पाच वर्षे ताबा घेतल्या दिवसापासून मोजावयाची असतात. घोषणा झाल्यापासून ताबा घेईपर्यंतची वर्षे मोजण्याची तरतूद त्या कलमात नाही.